मसाज तेलाला वासच येत नाहीये, अजून किती थेंब टाकू? (आज रात्रीच हवंय)

घाईगर्दी
घरी मसाज तेल बनवलंय. रंग छान आलाय, बाटलीत भरूनही झालं, पण वास म्हणून काही येत नाही. अजून किती थेंब टाकले म्हणजे येईल? आज रात्रीच लावायचंय, त्यामुळे 'आधी अभ्यास करा' छाप प्रतिसाद नकोत. फक्त आकडा सांगा.

मंजिरी_क
कसलं तेल, किती मिली, त्यात कुठलं इसेन्शियल ऑइल (वनस्पतीचं वासाचं अर्कतेल), आत्तापर्यंत किती थेंब पडलेत? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आकडा कशाचा सांगू?

बोकोबा
लव्हेंडर टाका. डोळे मिटून. मी सहा वर्षं दुसरं काही वापरत नाही.

घाईगर्दी
लव्हेंडरच आहे हो. तिळाचं तेल २०० मिली, त्यात लव्हेंडरची अर्धी बाटली. आता सांगा.

मंजिरी_क
अर्धी बाटली हे माप नव्हे. १० मिलीची बाटली असेल तर अर्धी म्हणजे ५ मिली. २० थेंबांचा साधारण १ मिली धरतात, म्हणजे १०० थेंब झाले. (ड्रॉपर आणि तेलाच्या घट्टपणाप्रमाणे थेंब लहानमोठा होतो, तरी अंदाजाला ठीक.) मोठ्या माणसाच्या अंगाला लावायच्या तेलात २ टक्के पुष्कळ होतात: ३० मिलीला १२ थेंब, २०० मिलीला ८०. तुमचे आधीच जास्त झालेत. आणि तरी वास नाही म्हणता?

उन्हातली_सावली
लव्हेंडरऐवजी लिंबाचं टाका, मस्त ताजा वास येतो. मी नेहमी सकाळी आंघोळीआधी चोळते.

जुना_रसायनवाला
घाईगर्दी, एकच प्रश्न. लव्हेंडर टाकलं तेव्हा तीळ तेल गार होतं की गरम?

घाईगर्दी
गरम. गॅसवर होतं. चांगलं मुरावं म्हणून टाकल्यावरही दहा मिनिटं ठेवलं.

जुना_रसायनवाला
आणि घरभर वास सुटला होता का?

घाईगर्दी
सुटला होता! शेजारचे विचारायला आले काय चाललंय म्हणून.

जुना_रसायनवाला
मग वास गेला कुठे ते कळलंच. ही तेलं उडून जाणारी असतात, वास येतो तोच मुळी त्यामुळे. तुमचं लव्हेंडर शेजाऱ्यांकडे गेलं. मूळ तेल कोमट हवंच असेल तर बंद बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, आणि इसेन्शियल ऑइल सगळ्यात शेवटी, तेल गार झाल्यावर.

तीळ तेल भाजलेल्या तिळाचं असेल तर त्याचा स्वतःचाच वास सगळ्यावर चढतो, हेही बघा.

मंजिरी_क
@उन्हातली_सावली, सकाळी लिंबाचं चोळून उन्हात जात नाही ना तुम्ही? घाण्यासारखं दाबून काढलेलं लिंबाचं किंवा बर्गमॉटचं (लिंबाच्याच जातीचं एक फळ) तेल अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते, काळे डाग महिनोन् महिने राहतात. निदान १२ तास तरी ऊन टाळायला सांगतात.

उन्हातली_सावली
मला कधी काही झालं नाही. आणि संत्र्याचं तर सगळेच वापरतात.

जुना_रसायनवाला
दोघींचं थोडं थोडं बरोबर. हा उद्योग फ्युरोकुमारिन नावाच्या पदार्थांचा. गोड संत्र्याच्या तेलात ते जवळपास नसतात, त्याची भीती नाही. बर्गमॉटमध्ये भरपूर, म्हणून अंगावर राहणाऱ्या उत्पादनात त्याची मर्यादा ०.४ टक्के. लिंबाची २ टक्के. वाफेने काढलेल्या लिंबाच्या तेलात हे पदार्थ येत नाहीत, कारण ते वाफेबरोबर वर चढत नाहीत. तेव्हा सावलीताई, तुमची बाटली कुठल्या पद्धतीची ते आधी वाचा, मग भांडू.

घाईगर्दी
लिंबाचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध?? उडून गेलं म्हणता ना, मग उरलेली अर्धी बाटली आत्ता गार तेलात ओतली. तरी वास नाही. दालचिनीसुद्धा काही कामाची निघाली नाही.

मंजिरी_क
दालचिनी??

घाईगर्दी
हो, ती आधीच टाकली होती. ऊब येते म्हणून. वीसेक थेंब. ती मात्र गॅस बंद करून, तेल गार झाल्यावर टाकली होती.

शंकासुर
मंडळी, एक अवांतर. इसेन्शियल ऑइल खरं की नुसतं सेंट, हे कसं ओळखायचं? मी कागदावर थेंब टाकून बघतो. डाग उडून गेला तर खरं, तेलकट वर्तुळ राहिलं तर भेसळ.

जुना_रसायनवाला
साध्या तेलाची भेसळ त्यातून कळते. कृत्रिम सेंटही उडून जातं, ते नाही कळत. शिवाय चंदन, पॅचुली यांसारखी जड तेलं अस्सल असली तरी डाग ठेवतात. बाटलीवर वनस्पतीचं लॅटिन नाव आणि तिचा कुठला भाग वापरलाय ते छापलेलं असलं तर निदान विकणाऱ्याला काहीतरी माहीत आहे.

तेच घाईगर्दींना: दालचिनी सालीची की पानाची?

घाईगर्दी
नुसतं 'दालचिनी' लिहिलंय. फरक काय पडतो?

मंजिरी_क
खूप. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड भरलेलं असतं, कातडीला सगळ्यात जास्त झोंबणाऱ्या तेलांत त्याचा नंबर लागतो. त्याची सुचवलेली मर्यादा ०.०७ टक्के आहे. शून्यानंतरचं शून्य नीट वाचा. तुमचं २० थेंब म्हणजे १ मिली, २०० मिलीत ०.५ टक्के. सातपट. लिहिलेलं नसेल तर सालीचंच धरा.

आणि ती 'ऊब' म्हणजे कातडीची आग आहे हो, शेकोटी नव्हे.

बोकोबा
किती घाबरवता राव. लव्हेंडर तर नुसतं थेट कातडीवर लावतात. गॅटफॉसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने भाजलेला हात लव्हेंडरच्या पिंपात बुडवला आणि हात खडखडीत बरा झाला. तिथूनच तर अरोमाथेरपी सुरू झाली.

जुना_रसायनवाला
पिंपाची गोष्ट मागाहून फुगवलेली. १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात तो भाजला हे खरं. पण हात पिंपात बुडवल्याचं तो स्वतः लिहित नाही. जखमा चिघळल्यावर लव्हेंडरने धुतल्या, असं त्याचं म्हणणं. एका माणसाच्या हाताची हकिकत आहे, नियम नव्हे. लव्हेंडर जुनं झालं की हवेने त्यातलं लिनॅलूल, म्हणजे वासाचा मुख्य घटक, बदलतं आणि त्याचीच ॲलर्जी सुरू होते. बोकोबा, तुमची सहा वर्षांपूर्वीची बाटली अजून चालू नाही ना?

बोकोबा
बाटली तीच आहे. पण तिची काय चूक?

घाईगर्दी
तुमच्या वादावादीत माझा हात पेटलाय. हाताला लावून बघितलं, मनगटाच्या वर लालभडक. पाण्याने तीनदा धुतला, उलट जास्तच झोंबतंय!!

मंजिरी_क
पाणी नको! ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत, पाण्याने नुसती पसरतात. कापसावर साधं तेल घ्या, खोबरेल, बदाम, जे बिनवासाचं हाताशी असेल ते, आणि पुसून काढा. दोन-तीन बोळे बदला. मग साबण, मग पाणी. डोळ्याला हात लावू नका. फोड आले किंवा लाली पसरायला लागली तर डॉक्टरकडे जा, इथे उत्तराची वाट बघू नका.

शंकासुर
मी बर्फ लावतो अशा वेळी.

मंजिरी_क
आधी तेल निघू दे, मग बर्फाचं बघू.

घाईगर्दी
पुसलं. उतरतंय हळूहळू. थँक्स. पण वासाचं कोडं सुटत नाही. इतकं झोंबतंय तर वास का नाही?

जुना_रसायनवाला
दिवसभरात किती वेळा हुंगलंत?

घाईगर्दी
दर थेंबाला.

जुना_रसायनवाला
नाक थकलंय. एकच वास सतत घेतला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. बाहेर अर्धा तास चक्कर मारून या. तोवर बाटलीला हात लावू नका.

पानगळ
घरात मांजर आहे का? टी ट्रीसारखी इसेन्शियल ऑइलं मांजरांना बाधतात, त्यांच्या यकृताला हे पदार्थ निचरता येत नाहीत. अंगाला लावलं आणि मांजर मांडीवर बसून चाटायला लागलं तर अवघड.

बोकोबा
आमच्याकडे आहे. नाव लव्हेंडर नाही.

घाईगर्दी
फिरून आलो. दार उघडल्याबरोबर वासाचा भपकारा, डोकं भणभणलं. बाटलीचं झाकण बंद असून ही कथा. खिडक्या उघडून बसलोय. म्हणजे वास पहिल्यापासून होता!

बरं, आता हे पातळ करून घेतो. त्याच्या दुप्पट तीळ तेल घातलं की झालं ना? आईच्या गुडघ्यांना लावायचंय, ती वाट बघतेय.

मंजिरी_क
आईच्या! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. वय काय? औषधं कुठली चालू?

घाईगर्दी
७२. बीपीची, आणि रक्त पातळ होण्याची एक गोळी. गुडघ्यासाठीच तर विंटरग्रीन टाकलंय, दुखण्यावर चांगलं म्हणून. चमचाभर.

जुना_रसायनवाला
थांबा.

विंटरग्रीनचं तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट, ९५ टक्क्यांच्या वर. ॲस्पिरिनचं सख्खं भावंड. कातडीतून रक्तात जातं. वॉरफरिनसारख्या गोळीबरोबर ते अंगभर चोळलं तर रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होतं, रक्तस्राव होऊ शकतो. हे तेल आईंना लावायचं नाही. आज नाही, पातळ करूनही नाही. कुठलंही नवं तेल लावायचं तर त्यांच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगून विचारा.

मंजिरी_क
आणि पातळ करण्याचा हिशोब हवाच असेल तर हा घ्या. त्या १ मिली दालचिनीला ०.०७ टक्क्यांवर आणायला एकूण १४०० मिलीच्या वर तेल लागेल. म्हणजे आहे त्यात अजून १२०० ओता. घरातले सगळे वर्षभर चोळत बसाल, आणि विंटरग्रीन त्यात असेलच. टाकून द्या. मोरीत नको, झाकणाच्या बरणीत घालून कचऱ्यात.

आज रात्री साध्या कोमट तीळ तेलाने गुडघे चोळा. चोळण्यानेच निम्मं काम होतं. डॉक्टर हो म्हणाले तर ३० मिली गार तेलात ६ थेंब लव्हेंडर, म्हणजे १ टक्का. या वयात कातडी पातळ असते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून २४ तास थांबा. बाटली गडद काचेची घ्या आणि ड्रॉपर त्यात कायमचा ठेवू नका, त्याचं रबर चिकट होऊन तेलात उतरतं.

उन्हातली_सावली
त्यात कोरफडीचा गर घातला तर?

मंजिरी_क
गरात पाणी असतं. पाणी तळाला बसेल आणि बुरशी धरेल. नुसत्या तेलाला ती भीती नाही, ते फार तर खवट होतं. व्हिटॅमिन ई घालतात ते खवटपणा लांबवायला, बुरशीवर त्याचा उपयोग नाही.

पानगळ
मालिशचे टॉवेल गरम ड्रायरमध्ये टाकून तसेच गोळा करून ठेवू नका कुणी. तेलकट कापड आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं. तीळ तेल त्यातलंच.

घाईगर्दी
साधं कोमट तीळ तेल लावलं. आई म्हणाली, "हेच करायचं होतं तर दिवसभर घरात अत्तराचं दुकान कशाला मांडलंस?" पाच मिनिटांत झोपली. सोमवारी डॉक्टरांना फोन करतो. मंजिरीताई, रसायनवाले काका, आभार. पहिल्या पोस्टमधल्या टोनबद्दल सॉरी.

शंकासुर
चादरीवर सांडलेल्या तिळाच्या तेलाचा डाग कशाने जातो? जुना आहे, इस्त्री पण झालीय.

बोकोबा
लव्हेंडर लावून बघा.