मदत हवी आहे: ठिपके जोडून चौकोन करायच्या गेममध्ये साखळ्यांची संख्या कशी वळवायची?

वहीच्या मागच्या पानावर खेळायचो तोच खेळ, आता मोबाईलवर. ५×५ चौकोन म्हणजे ३६ ठिपके, हार्ड लेव्हल, पहिली चाल कायम माझी, सेटिंगमध्ये बदलता येत नाही आणि अनडू पण नाही.

लांब साखळी (एक रेघ मारली की एकामागून एक खाता येतात असे सलग चौकोन) मिळाली की सगळी न खाता शेवटचे दोन चौकोन सोडायचे, बंद रिंगण असेल तर चार सोडायचे, हे जमतं. तीन किंवा जास्त चौकोनांच्या साखळ्या सम झाल्या तर पहिल्याचा फायदा हेही माहितीये, पण कॉम्प्युटर ऐनवेळी एक रेघ मारून साखळी तोडतो नाहीतर रिंगण करतो (महाडांबिस आहे) आणि माझा हिशोब विषम होतो.

सॉल्व्हर (चाल शोधून देणारा प्रोग्रॅम) नकोय, स्वतः खेळायचंय. साधारण किती रेघा झाल्यावर साखळ्या मोजायला घ्यायच्या, आणि गणित उलटं जातंय दिसलं तर दोन चौकोनांचा बळी देऊन ते फिरवायची योग्य वेळ कशी ओळखायची?