जेक्यूच्या फिल्टरमध्ये बॅशचं व्हेरिएबल
जेक्यू (jq) म्हणजे कमांड लाइनवर जेसन डेटातून हवं ते गाळून काढणारं टूल. त्याच्या सिंगल कोटातल्या फिल्टरमध्ये बॅशचं (म्हणजे टर्मिनलच्या शेलचं) व्हेरिएबल पोचत नाही, म्हणून सिंगल कोट काढून डबल लावा, असा एक सल्ला दिला जातो; तो चालेल. पण एखाद्या व्हॅल्यूत डबल कोट आला की फिल्टर मोडलाच. त्यापेक्षा व्हॅल्यू 'आर्ग' (--arg) ऑप्शनने आत द्या आणि फिल्टरमध्ये नावाआधी डॉलर लावून, कोटांशिवाय वापरा.

खरी गोम पुढेच आहे. आर्गने दिलेलं सगळं स्ट्रिंगच (म्हणजे मजकूरच) असतं. आमच्या इंदूरच्या शाखांच्या फाइलमध्ये शाखेच्या आत पत्ता, पत्त्याच्या आत पिनकोड, आणि तो ४५२००१ हा नंबर म्हणून. सिलेक्टमध्ये (अटीत बसणाऱ्या नोंदी निवडणाऱ्या फंक्शनमध्ये) आर्गने दिलेल्या पिनकोडशी तुलना केली तर एरर नाही, काही नाही, नुसतं रिकामं आउटपुट! तिथे नंबर हा नंबरच ठेवणारं 'आर्गजेसन'च (--argjson) हवं.

आणि की-चं (जेसनमधल्या फील्डचं) नावच व्हेरिएबलमध्ये असेल तर टिंबानंतर चौकोनी कंसात ते व्हेरिएबल घाला. 'राजवाडा-सराफा' अशी डॅशवाली की असली तरी चालतं.