एच. पायलोरी: किट ७ दिवस की १४? आजच उत्तर हवंय

सातारकर_७
बाबांचा एच. पायलोरी (जठरातला जंतू) पॉझिटिव्ह आलाय. गोळ्यांच्या किटचे ७ दिवस आज संपतात. पोटदुखी थांबली, पण तोंड कडू पडलंय, जेवण जात नाही. डॉक्टरांनी १४ दिवस लिहिलेत, केमिस्ट म्हणतो ७ पुरे. बंद करू का? रात्रीच्या गोळीआधी सांगा.

औषधी
किटमध्ये काय काय आहे? वय किती? पेनिसिलिनची ॲलर्जी? बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत? हे न सांगता उत्तर कसं देणार? तोवर थांबवू नका.

मृण्मयी
१४च. ७ दिवसांचा कोर्स जुना झाला. २०२२च्या मास्ट्रिख्ट शिफारशीतही (एच. पायलोरीवरच्या उपचारांसाठी युरोपातल्या तज्ज्ञांनी केलेल्या) १४ आहेत. पोटदुखी थांबते ती आम्ल कमी झाल्यामुळे, जंतू मेले म्हणून नव्हे. ते जठराच्या चिकट थरात दडलेले असतात. अर्ध्यात सोडलं तर उरलेले औषधाला दाद देत नाहीत आणि पुढच्या वेळी तेच अँटिबायोटिक वाया जातं.

ताकप्रेमी
रोज वाटीभर ताक आणि ओवा द्या, एवढ्या गोळ्या कशाला?

मृण्मयी
@ताकप्रेमी, ताकाने एच. पायलोरी जात नाही. गोळ्यांसोबत ताक जरूर द्या, पण गोळ्यांऐवजी नको.

सातारकर_७
पॅन्टोप्राझोल, अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन, तिन्ही दोनदा. वय ६४. ॲलर्जी नाही. रात्री कोलेस्टेरॉलची एक गोळी असते, बाकी काही नाही.

औषधी
हे आधी सांगायला हवं होतं! नाव बघा. सिम्वास्टॅटिन असेल तर क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर अजिबात चालत नाही. ॲटोर्व्हास्टॅटिन असेल तर डोस कमी करतात किंवा तेवढे दिवस थांबवतात. अंग दुखतंय का, लघवी गडद होतेय का, विचारा. असेल तर आत्ताच डॉक्टरांना फोन. कडू चव क्लॅरिथ्रोमायसिनची, कोर्स संपला की जाते. पॅन्टोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास, बाकी दोन्ही जेवल्यावर.

डॉ_अभय
मुळात क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू आता बरेच आहेत. बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि पीपीआय (पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी) हे चौपदरी औषध आधी द्यायला हवं होतं.

मृण्मयी
आठव्या दिवशी औषध बदलायचं का? हा कोर्स पुरा होऊ द्या. जंतू उरलेच तर मग चौपदरी.

निशिगंध
घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावं का? आमच्याकडे सासूबाईंना ॲसिडिटी आहे.

सातारकर_७
ॲटोर्व्हास्टॅटिन २० निघाली. अंग दुखत नाही. तरी डॉक्टरांना फोन लावतोय. गोळ्या संपल्या की रक्त तपासून घेऊ ना?

डॉ_अभय
रक्त नको. जंतू गेले तरी त्यांच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी कित्येक महिने रक्तात राहतात. श्वासाची किंवा शौचाची अँटिजेन (जंतूचे अंश शोधणारी) तपासणी करा, शेवटच्या अँटिबायोटिकनंतर किमान ४ आठवड्यांनी. त्याआधी २ आठवडे पॅन्टोप्राझोल बंद, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येतं.