लाँगआर्म: गिऱ्हाइकाच्या क्विल्टच्या बॉर्डरला झोळ, काय करू?

प्रश्न: ओहायोत घरीच लाँगआर्मवर (क्विल्टचे थर एकत्र शिवायचं मोठं मशीन) लोकांची क्विल्टं, म्हणजे गोधड्या, करून देते. आत्ताच्या टॉपची (क्विल्टचा वरचा, तुकडे जोडलेला थर) लांबी मधोमध ८० इंच, बॉर्डरीवर ८२! कडा नुसती लाटा मारतेय. तशीच शिवली तर चुण्या पडणार, आणि बोल मशीनवालीला.

उत्तर: न मोजता बॉर्डरची लांब पट्टी लावायची, उरलेली शेवटी कापायची, त्याचा हा प्रताप. ताई, लोकरीचं बॅटिंग (मधला भरणीचा थर) घ्या, फुगीर असतं, बराच झोळ पोटात घेतं. कड ८० इंचांवर टाचून ढील सगळीकडे सारखी वाटा. वाफेची इस्त्री वरून दाबायची, ओढायची अजिबात नाही. बॉर्डरीत सरळ रेघा नकोत, वेलबुट्टी चालवा.

उत्तर: दोन इंच जिरतील? मला नाही वाटत. बॉर्डर उसवा. टॉप मध्ये आणि दोन्ही बाजूंना आत मोजून सरासरीएवढी पट्टी कापा. पण आधी गिऱ्हाईक बाईंना फोटो पाठवून विचारा, आणि उसवायचे पैसे वेगळे सांगा. फुकट करत बसू नका!

प्रश्नकर्ती: विचारलं. म्हणाल्या, "नातवाला आहे, लाटा असू देत." लोकरीचं बॅटिंग मागवलंय.