मदत हवी आहे: आरशाच्या कव्हरवर लावलेलं कार्बन फायबर व्हिनाइल खालच्या कोपऱ्यात सुटतंय

अनवट

नमस्कार मंडळी,

गाडीच्या बाहेरच्या दोन्ही आरशांची कव्हरं, मागचा स्पॉयलर आणि डॅशबोर्डवरची लांब पट्टी, एवढ्यावर काळं कार्बन फायबर व्हिनाइल (कार्बनच्या विणीसारखी दिसणारी, मागे चिकट थर असलेली प्लास्टिकची फिल्म) लावायचं आहे. गाडी दहा वर्षांची आहे. इंजिन ठणठणीत, पण कव्हरांचा रंग ओरखड्यांनी पार गेलाय. माझा फार जीव आहे या गाडीवर, म्हणून हे काम स्वतःच्या हाताने करायचं ठरवलं.

सुरुवात डाव्या आरशाने केली. कव्हर शाम्पूने धुतलं, कोरडं केलं, फिल्म मधोमध चिकटवली आणि केसांच्या ड्रायरने गरम करत चारी बाजूंनी ओढत गेलो. वरचा गोलवा सुरेख बसला. खाली, जिथे कव्हर दाराच्या बाजूला आत वळतं, तिथे सुरकुत्या पडायला लागल्या, म्हणून तेवढा कोपरा जोर लावून ताणला आणि कड आत दुमडली. आठव्या दिवशी दुपारी उन्हातली गाडी काढायला गेलो तर नेमका तोच कोपरा बोटभर सुटून बाहेर वळलेला. अंगठ्याने दाबून बसवला, तासाभरात पुन्हा वर.

शिवाय ताणलेल्या जागी विणीचे तिरके पट्टे वाकडे झालेत. लांबून कळत नाही, पण मला रोज दिसतात.

फिल्म वाया गेली याचं दुःख नाही, पण चूक कुठे झाली ते समजल्याशिवाय उजव्या आरशाला हात लावायचा नाही. फिल्म हलकी होती, चिकटवण्याआधीची सफाई कमी पडली की हात चुकला? कडांना प्रायमर (फिल्मची पकड वाढवणारं द्रव) लावू का? आणि हे जमलं तर बॉनेटही करावं का?

पाना_नंबर_दहा

अनवट, तुमच्या वर्णनातच उत्तर आहे: 'जोर लावून ताणला'.

व्हिनाइलला आपला मूळ आकार आठवत असतो. उरलेल्या फिल्मची बोटभर पट्टी कापा, गरम करून ओढा, गार होऊ द्या. ती लांबलेलीच राहील. आता तिच्यावर पुन्हा गरम हवा मारा. डोळ्यांसमोर आक्रसेल. तुमच्या कोपऱ्यात हेच झालं, फक्त गरम हवेचं काम उन्हाने केलं. चिकट थर बिचारा आठ दिवस त्या ओढीशी झगडला.

यावर दोन उपाय, आणि दोन्ही लागतात. एक म्हणजे ताण एका कोपऱ्यात साठू द्यायचा नाही. कव्हर काढून टेबलावर घ्या. बहुतेक गाड्यांत ते खटक्यांवर बसलेलं असतं, पण घाई केली तर खटके तुटतात. फिल्मचा मोठा तुकडा घ्या, चारी बाजूंना तळहाताएवढी जास्तीची सोडा. गरम करून अख्खी फिल्म एकदम कव्हरवर ओढा, म्हणजे ताण सगळीकडे वाटला जातो. सुरकुती आली की तिला दाबायचं नाही, ओढायचंही नाही. तो भाग उचला, थोडं गरम करा, फिल्म आपोआप सपाट होते, मग पुन्हा बसवा. वीण वाकडी होण्यावरही हाच इलाज. तिरके पट्टे सरळ दिसेपर्यंत स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची पट्टी) फिरवायचीच नाही.

दुसरा म्हणजे शेवटचा शेक. सगळं बसवून, कडा कापून झाल्यावर खोलगट जागा आणि दुमडलेल्या कडा नीट तापवायच्या. बऱ्याच फिल्मना पृष्ठभागाचं तापमान ९५ ते ११० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावं लागतं. नेमका आकडा तुमच्या फिल्मच्या माहितीपत्रकात बघा आणि तोच पाळा. एवढ्या उष्णतेने ताणलेल्या फिल्मची जुनी आठवण मोडते. केसांच्या ड्रायरने ते नीट साधत नाही, हीट गन हवी. सोबत लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, अंदाजाने करू नका. कार्बनच्या फिल्मवर उठावदार पोत असतो. गन एका जागी धरली तर तो विरघळल्यासारखा सपाट होतो, तिथे चकाकी येते आणि ती पुन्हा जात नाही. गन सतत हलती ठेवा.

सुमेधा_अक्षरं

मी बरीच वर्षं पाट्या आणि वाहनांवरच्या ग्राफिक्सचं काम करते, म्हणून फिल्मबद्दल थोडं.

अनवट, तुमच्याकडची फिल्म कास्ट आहे की कॅलेंडर्ड? कास्ट फिल्म बनवताना पातळ मिश्रण पसरून भट्टीत सुकवतात, त्यामुळे तिच्या अंगात ओढ नसते. कॅलेंडर्ड फिल्म तापलेल्या रोलरांमधून दाबून काढतात. ती ओढ तिच्यात मुरलेली असते आणि ऊन लागलं की ती आक्रसू बघते. सपाट स्पॉयलरवर चांगली कॅलेंडर्ड चालून जाईल, आरशाच्या कव्हरला कास्टच हवी. मागच्या कागदावर जाळीसारखी नक्षी दिसते का? असेल तर हवा निघायला बारीक वाटा आहेत. नसेल तर फुगे काढता काढता जीव जाईल.

सफाई मात्र नक्की कमी पडली. शाम्पूने धूळ निघते, पॉलिशमधलं सिलिकॉन आणि मेण निघत नाही. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या, कोरड्या, धागे न सोडणाऱ्या फडक्याने टिपून घ्या. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर तेल नुसतं इकडून तिकडे सरकतं. कडेच्या आतली बाजू विसरू नका, फिल्म तिथेच धरते. कव्हरच्या आत रंग नसलेलं खरखरीत प्लास्टिक असतं आणि त्यावर चिकट थराची पकड मुळातच कमी.

आणखी एक. वीण तिरकी असल्यामुळे तुकडे कापायच्या आधी मागे खडूने बाण काढा. एक तुकडा उभा आणि दुसरा आडवा कापला तर दोन आरशांवर प्रकाश वेगवेगळा पडतो आणि ते लगेच डोळ्यात भरतं.

अनवट

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी तापवून पाहिली, खरंच बोटाच्या दोन पेरांइतकी आखडली! सुमेधाताई, मागच्या कागदावर नक्षी नाही आणि वेष्टनावर कॅलेंडर्ड असंच लिहिलंय. घेताना मी ते वाचलंच नव्हतं. कास्ट मागवतो. प्रायमरचं काय?

पाना_नंबर_दहा

प्रायमर फक्त खोल वळणाच्या टोकाशी, बारीक रेघेइतका. सगळीकडे फासलात तर फिल्म उचलून पुन्हा बसवता येणार नाही आणि पुढे काढताना चिकटा रंगावर राहील. ताणाची चूक प्रायमरने झाकत नाही.

सुमेधा_अक्षरं

मी तर म्हणेन त्या कोपऱ्यात आधी वेगळा छोटा तुकडा बसवा आणि मुख्य फिल्म त्यावर पाच-सहा मिलिमीटर चढवा. जोड खालच्या बाजूला येतो, उभ्या माणसाला दिसत नाही. दोन्ही तुकड्यांची वीण मात्र जुळवून घ्या. स्पॉयलरवर रंगाजवळ कापताना नुसतं कटर चालवू नका. नाइफलेस टेप मिळते, तिच्यातला दोरा ओढला की फिल्म कापली जाते आणि रंगाला पातं लागत नाही.

डॅशबोर्डच्या पट्टीचं आत्ताच सांगते. सोबत्यासमोरच्या एअरबॅगचं झाकण किंवा त्याची शिवण त्या पट्टीत येत असेल तर तिथे फिल्म अजिबात लावू नका. एअरबॅग फुटताना ते झाकण ठरल्या जागी उघडायला हवं.

अनवट

सोळा दिवसांनी लिहितोय. कास्ट फिल्म आली. कव्हर काढताना एक खटका तुटला, बाकी शाबूत आहेत. खालच्या कोपऱ्यात आधी छोटा तुकडा बसवला आणि मग सुरकुती दिसली की उचलायची, गरम करायची, बसवायची, असं निदान वीस वेळा केलं. शेवटचा शेक माहितीपत्रकातला आकडा समोर ठेवून, थर्मामीटर धरून दिला. तीन दिवस पाणी लागू दिलं नाही. नऊ दिवस गाडी उन्हात उभी आहे. रोज दुपारी त्या कोपऱ्यावरून नख फिरवून बघतो, कड जागची हललेली नाही. पट्टे अगदी टोकापर्यंत सरळ आहेत.

डॅशबोर्डच्या पट्टीत एअरबॅगची शिवण येते, तो बेत रद्द. आता बॉनेटबद्दल सांगा. एका अपघातानंतर ते पुन्हा रंगवलेलं आहे.

पाना_नंबर_दहा

वा, फार छान वाटलं वाचून. १.५२ मीटर रुंदीच्या रोलमधून बॉनेट एका तुकड्यात होतं, पण तुमचं करू नका. पुन्हा मारलेल्या रंगाची खालच्या थरावरची पकड कंपनीच्या रंगाइतकी असेलच असं नाही आणि फिल्म काढताना रंगाचे पापुद्रे सोबत येतात. त्यात बॉनेट आडवं, दिवसभर ऊन अंगावर, म्हणून फिल्म आरशांपेक्षा तिथे लवकर म्हातारी होते. उरलेली फिल्म स्पॉयलरला वापरा.

अनवट

पटलं. बॉनेट राहू दे. रविवारी उजवा आरसा घेतो. बाण काढून तुकडा कापून ठेवलाय.