मदत हवी आहे: "मला कुणाची गरज नाही" म्हणणारे बाबा

नमस्कार. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ७८ वर्षांचे. आई जाऊन चौदा महिने झाले. रडले नाहीत, महिन्याभरात तिचं कपाटही स्वतःच आवरून टाकलं. सगळे म्हणाले, किती खंबीर. मलाही तसंच वाटलं. गेले दोन महिने मात्र जेवण निम्म्यावर आलंय, पहाटे तीनला उठून बसतात. परवा बँकेची कागदपत्रं माझ्यापुढे ठेवली नि म्हणाले, "हे समजून घे, मागाहून धावपळ नको. माझं ओझं तरी किती दिवस वाहणार तुम्ही?" वीजबिलाबद्दल बोलावं असा सूर. माझ्या पोटात गोळा आला.

मग वाचत सुटले. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा अटॅचमेंटचा, म्हणजे जवळच्या माणसाच्या आधाराच्या ओढीचा, सिद्धांत मला लहान मुलांपुरताच ठाऊक होता. त्यांच्या मते मात्र ही ओढ जन्मापासून मरेपर्यंत असते. १९९१ मध्ये बार्थोलोम्यू आणि होरोविट्झ या मानसशास्त्रज्ञांनी मोठ्या माणसांसाठी या ओढीचे चार प्रकार मांडले. त्यातला 'डिसमिसिंग' वाचताना बाबाच डोळ्यांपुढे. जवळीक नको, मदत मागणं नको, कुणाचं काही घेतलं नाही यातच सगळा मान. हातपाय चालतात तोवर हे निभतंही. म्हातारपणी गुडघे, कान, जोडीदार एकेक करून साथ सोडतात आणि कुणाला टेकायची सवय तर कधी लागलेलीच नसते. (हे माझं घरगुती निदान, मान्य.) मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉयनर यांच्या सिद्धांतात 'आपण इतरांवर भार आहोत' ही भावना आत्महत्येच्या विचारामागची एक मुख्य गोष्ट मानली आहे. ते वाचल्यापासून बाबांचं 'ओझं' कानातून जात नाही.

थेट विचारू का? नसलेला विचार त्यामुळे डोक्यात आला तर? आणि समुपदेशकाचं नाव काढलं की ते उठूनच जातील.

प्रतिसाद १

ताई, वृद्धांच्या मानसोपचार विभागात काम केलंय म्हणून लिहिते. आजच विचारा. विचारल्याने हा विचार पेरला जात नाही. "बाबा, जीव नकोसा झालाय का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का?" इतकं सरळ. आडून विचारलंत तर उत्तरही आडूनच येईल. तरुणांमध्ये एका मृत्यूमागे कितीतरी प्रयत्न असतात. वृद्धांमध्ये साधारण चारच धरले जातात, म्हणजे प्रयत्न झाला तर जीव जाण्याचा धोका खूप जास्त. थांबून बघण्यासारखं हे नाही. हो म्हणाले किंवा नुसते गप्प राहिले, तरी एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर हेल्पलाइन किंवा तातडीचा विभाग. औषधांचा साठा आत्ताच तुमच्या ताब्यात घ्या.

समुपदेशक राहू दे. झोप आणि भूक यांसाठी नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, त्यांना आधी सगळं सांगून ठेवा. नैराश्य तपासायची पंधरा प्रश्नांची जीडीएस चाचणी तिथेही होऊ शकते. या वयातलं नैराश्यही उपचारांनी बरं होतं.

आणि ते 'डिसमिसिंग'चं लेबल त्यांना ऐकवू नका हं. अशी माणसं घ्यायला अवघडतात, द्यायला नाही. त्यांच्याकडे काहीतरी मागा. खरंच लागणारं.

धागाकर्ती

काल संध्याकाळी विचारलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "रोज नाही." मी डॉक्टरांशी लगेच फोनवर बोलले, रात्रभर बाबांच्याच खोलीत होते. गोळ्यांचा डबा माझ्याकडे आहे. आता निघतोय. झोपेसाठी जातोय असं दोघंही म्हणतोय. आल्यावर लिहिते.