तूर-हरभऱ्याच्या व्यापाराला पुरवठा खात्याचा परवाना लागतो का? (निलंगा, जि. लातूर)

निलंगेकर भुसार
नमस्कार मंडळी. येत्या हंगामापासून तूर आणि हरभरा घ्यायचा विचार आहे, जमलं तर सोयाबीनही. घरचा गाळा आहे, हजारेक क्विंटल माल बसतो. थोडी तूर लातूरच्या दालमिलवर भरडून आणायची आणि किलोची पाकिटं करून आसपासच्या किराणा दुकानांना द्यायची. चुलते म्हणतात, धान्य जीवनावश्यक वस्तूंत येतं, तहसीलच्या पुरवठा शाखेचा परवाना नसेल तर गाळ्याला सील लागेल. त्यांनी पूर्वी मोंढ्यात दिवाणजी म्हणून काम केलंय, त्यामुळं त्यांचं म्हणणं डावलवत नाही. इकडं एक एजंट तोच परवाना काढून देतो म्हणून आगाऊ पैसे मागतोय. खरंच लागतो का?

माजी पुरवठा निरीक्षक
एजंटाला एक रुपयाही देऊ नका. चुलते सांगतात ते त्यांच्या काळापुरतं बरोबर आहे. तेव्हा अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली परवाना घ्यावा लागायचा. फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्राने गहू, तांदूळ, तेलबिया वगैरेंवरची परवान्याची अट काढली. २९ सप्टेंबर २०१६ च्या आदेशात डाळी, तेलबिया, साखर, गूळ, कांदा, बटाटा सगळं त्या सवलतीत आलं. तूर-हरभऱ्याच्या खाजगी व्यापाराला आमच्या खात्याचा परवाना आता नाही. रेशन दुकान चालवायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं प्राधिकारपत्र लागतंच.

पण परवाना गेला म्हणजे कायदा गेला, असं समजू नका. १९५५ चा कायदा जागेवर आहे, आणि कलम ३ खाली केंद्र कधीही साठ्यावर मर्यादा घालू शकतं. तुमचं लक्ष तिकडं हवं.

दालमिलवाली
निरीक्षक काकांनी सांगितलं ते मी स्वतः अनुभवलंय. २ जून २०२३ ला तूर आणि उडदावर मर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, म्हणजे २००० क्विंटल. सप्टेंबरात तीच एकदम ५० टनांवर आणली. नोव्हेंबरात पुन्हा २००. एका हंगामात तीन आकडे! गाळ्यात माल तोच, पण सप्टेंबरात तो नियमाबाहेर. पुढच्या वर्षी २१ जूनला तूर आणि हरभऱ्यावर मर्यादा आली, ती ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत होती. किरकोळ दुकानदाराला दोन्ही वेळा ५ टन, म्हणजे ५० क्विंटलच. म्हणून आपण घाऊक की किरकोळ, हे आधी ठरवा आणि बिलं, नोंदणी सगळीकडं तेच येऊ द्या. मिलवाल्यांची मर्यादा तर उत्पादनावर आणि क्षमतेवर ठरते.

आदेश लागू असताना ग्राहक व्यवहार विभागाच्या पोर्टलवर साठा जाहीर करावा लागतो. जास्तीचा माल दिलेल्या मुदतीत विकावा लागतो. तुमचा हजार क्विंटलचा गाळा ५० टनांच्या मर्यादेत दुप्पट ठरला असता. एवढं लक्षात ठेवूनच भांडवल अडकवा.

निलंगेकर भुसार
ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. सोयाबीनलाही असं होतं का?

दालमिलवाली
होतं. २०२२ मध्ये तेलबियांवर होती, घाऊकला २००० क्विंटल आणि किरकोळला १००.

कोर्टातला
दंडाचं बोलतो. मर्यादा मोडली तर १९५५ च्याच कायद्याच्या कलम ७ खाली तीन महिने ते सात वर्षे कैद, शिवाय दंड. कलम ६अ खाली जिल्हाधिकारी माल जप्त करू शकतात. मात्र त्याआधी कारणं लिहून नोटीस द्यावी लागते आणि तुम्हाला म्हणणं मांडायची संधी असते. त्या वेळी तुमच्या बाजूनं फक्त कागद बोलतात. रोजची आवक, जावक, शिल्लक लिहिलेली साठा वही ठेवाच. दुसऱ्याचा माल तुमच्या गाळ्यात असेल, म्हणजे कुणा शेतकऱ्यानं भाव वाढेपर्यंत तूर ठेवलीय, तर वेगळी थप्पी, वेगळं पान आणि त्याच्या सहीची पावती. हे सगळ्यात जास्त लोक टाळतात, आणि तपासणीत तो माल तुमच्याच नावावर मोजला जातो.

मोंढा लातूर
भाऊ, एक परवाना मात्र लागतोच, तो बाजार समितीचा. राज्याच्या १९६३ च्या कायद्याखाली खरेदीदाराचा वेगळा आणि आडत्याचा वेगळा. तुम्हाला स्वतःसाठी घ्यायचंय, म्हणजे खरेदीदाराचा. निलंगा समितीकडं अर्ज करा, लातूरच्या सौद्यात उतरायचं असेल तर लातूर समितीचाही घ्या. परवान्याशिवाय खेडा खरेदी करू नका, गावातला माल असला तरी. शेताच्या बांधावर घ्यायचं असेल तर पणन संचालनालयाचा थेट पणन परवाना बघा. आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाचे पैसे, त्याच दिवशी चुकती करा. नवीन माणसाची मोंढ्यात पत त्यावरच बसते.

काट्याला वैधमापन खात्याची मुद्रा (तपासणीचा शिक्का) मुदतीत करून घ्या. इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर बारा महिन्यांनी पडताळणी येतेच.

दालमिलवाली
पाकिटांचं राहिलं. अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना उलाढालीप्रमाणे. दोन्ही ऑनलाइन होतात, एजंट कशाला? पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, पॅक केल्याचा महिना, तक्रारीसाठी फोन. आणि १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या डाळीवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या डाळीवर नाही. दर ठरवताना हे धरा, नाहीतर किराणावाला दुसऱ्याकडं जाईल.

निलंगेकर भुसार
गाळ्यातच पुढं खत-बियाणांचं दुकान टाकावं, असं धाकटा भाऊ म्हणतोय. त्यालाही परवाना गेलाय का?

माजी पुरवठा निरीक्षक
नाही नाही. तिथं परवाना पूर्ण चालू आहे. खताला १९८५ चा आदेश, बियाण्याला १९८३ चा, कीटकनाशकाला १९६८ चा कायदा. भाऊ कृषी पदवीधर नसेल तर कृषी निविष्ठा विक्रेत्यांचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम असतो, त्याची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं करा. खत आणि धान्य एकाच खोलीत ठेवू नका, भिंत घाला.

निलंगेकर भुसार
एजंटाला नको म्हणून कळवलं. सोमवारी बाजार समितीत अर्ज आणायला जातोय, चुलत्यांनाही सोबत नेतोय. ताई, तुमच्या साठा वहीचा नमुना टाकाल का?

दालमिलवाली
उद्या टाकते, नावं झाकून.